सही जुळली पाहिजे

"मावशी, मी तिकडे जाऊन हेरगिरी करणार आहे का?"

"नाही."

"नरसंहारात सहभाग?"

"अजून तरी नाही."

"मनी लाँडरिंग? माणसांची तस्करी? बालसैनिकांची भरती?"

"सगळ्याला नाही म्हण आणि पुढे चल. २० मिनिटं हात लावला नाहीस तर ते पान आपोआप बंद पडतं."

भाची अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाचा फॉर्म भरत होती. त्याचं नाव डीएस-१६०. २०११ साली हाच फॉर्म मी भरला, तेव्हा हे प्रश्न मनातल्या मनात वाचले होते. शेजारी बाबा बसले होते, आणि आपल्या मुलीला कुणी असलं काही विचारतंय हे त्यांना कळू नये असं मला वाटत होतं. भाचीला ही भीड नाही. ती खड्या आवाजात वाचत होती आणि ताई दारात उभी राहून दर प्रश्नाला तोंड वाकडं करत होती. "याला 'हो' कोण म्हणेल?" ताईचं म्हणणं रास्त होतं. माझा आपला अंदाज असा की 'हो'ची अपेक्षा कुणालाच नसते. पण 'नाही' लेखी घेऊन ठेवलं की उद्या काही निघालंच तर निदान खोटं बोलल्याचं कलम हाताशी राहतं. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर त्या देशाचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं.

फॉर्म तोच असला तरी थोडा वाढलाय. फोटोत आता चष्मा चालत नाही. २०१६च्या नोव्हेंबरपासून तसा नियम आहे. चौथीपासून चष्मा लावणारी आमची पोरगी त्या दोन इंच बाय दोन इंच चौकोनात कुणा भलत्याच घरची वाटत होती. २०१९पासून गेल्या ५ वर्षांतल्या सोशल मीडियाच्या खात्यांची नावं द्यावी लागतात, आणि २०२५च्या जूनपासून विद्यार्थ्यांना ती खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. त्या रात्री ती कितीतरी वेळ मोबाईलवर स्वतःचेच जुने फोटो चाळत बसली होती.

"यात वाईट काय आहे?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग मी का बघतेय?"

व्हिसा हा शब्द लॅटिनमधला. 'कार्ता व्हिसा' म्हणजे पाहिलेला कागद. अंमलदारानं कागद पाहिला, त्यावर शेरा मारला, की माणूस पुढे जायला मोकळा. आता अंमलदाराची नजर पडायच्या आधी आपणच त्याच्या नजरेनं स्वतःला दहादा पाहून घेतो. त्यात पोटात कालवतं ते वेगळंच.

माझ्या वेळी खाती उघडी करायची नव्हती, पण घर उघडं करावं लागलं होतं.

विद्यापीठानं प्रवेश दिला की एक आय-२० नावाचा कागद येतो. त्यावर वर्षाचा खर्च छापलेला असतो: शिक्षणाची फी, राहणं-जेवण, विमा, पुस्तकं. त्याच्या खालीच हे पैसे कुठून येणार त्याचा हिशेब असतो. वरची बेरीज आणि खालची बेरीज जुळावी लागते. शिवाय नुसते पैसे आहेत म्हणून भागत नाही, ते लगेच हाताशी येण्यासारखे हवेत. राहतं घर कितीही मोठं असलं तरी त्याच्या भिंती विकून सेमिस्टरची फी भरता येत नाही, असा त्यामागचा हिशेब.

देशोदेशी ह्या हिशेबाच्या तऱ्हा वेगळ्या. जर्मनीला तोंडी-लेखी हमीपेक्षा कुलूप जास्त आवडतं. तिथं बहुतेक विद्यार्थी गोठवलेलं खातं उघडतात, वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून टाकतात आणि मग दरमहा ९९२ युरो बाहेर पडतात. स्वतःच्या पैशांचा खाऊच्या पैशांसारखा हप्ता. ब्रिटनला दिवस मोजायची हौस आहे. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे, एक दिवसही खाली जाता कामा नये. ओळखीतल्या एका मुलानं २७व्या दिवशी त्याच खात्यातून वडिलांचं विम्याचं बिल भरलं. रक्कम चिल्लर होती, पण मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

तर बाबांनी कागद काढले. कपाटातल्या वरच्या कप्प्यातली पत्र्याची पेटी खाली आली, पलंगावर जुनी चादर अंथरली गेली आणि तिच्यावर एकेक पाकीट रिकामं होऊ लागलं. तोवर आमच्या घरात पैशाचा विषय निघाला की मला "तू अभ्यास कर" असं सांगून दुसऱ्या खोलीत पाठवत. बावीस वर्षांची झाले तरी बाबांना पगार किती, हे मला ठाऊक नव्हतं. आता तो आकडा मला टाईप करायचा होता, तोही डॉलरमध्ये बदलून. स्क्रीनवर तो इतका लहानसा झाला की मी उगाचच दोनदा भागाकार तपासला. बाबा बघत होते. म्हणाले, "बरोबर आहे. तेवढाच आहे."

त्या कागदांत माझ्या नावाची एक मुदत ठेव निघाली. मी पाचवीत असताना केलेली. तिच्या पावत्यांना मागून एकेक टाचणी लावलेली होती, म्हणजे ठेव मोडली, पुन्हा केली, पुन्हा मोडली. तीनदा. एकदा आजीच्या ऑपरेशनच्या वर्षी, एकदा ताईच्या लग्नाच्या वर्षी. तिसरं वर्ष कशाचं ते मला आठवेना, आणि मी विचारलंही नाही. मी फक्त शेवटच्या पावतीवरचा आकडा उतरवून घेतला. फॉर्मला मधल्या टाचण्यांशी काही घेणं नव्हतं.

मग आला सहीचा घोळ.

खात्यात इतके पैसे आहेत, असं पत्र बँकेकडून हवं होतं. त्यासाठी केलेला बाबांचा अर्ज परत आला. शेरा होता, 'सही नमुन्याशी जुळत नाही'. नमुना होता चोवीस वर्षांपूर्वीचा. तेव्हाचे बाबा आडनावाचं शेवटचं अक्षर खाली ओढत, मागे नेत, आणि अख्ख्या नावाखालून एक लांब शेपटी काढत. मधल्या काळात रोजच्या शंभर कागदांवर सह्या करता करता ती शेपटी झडून गेली होती. उरलं होतं एक आद्याक्षर आणि एक फराटा. बँकेचा माणूस म्हणाला, नवा नमुना देता येईल, पण त्याला वेळ लागेल. वेळ नव्हता. मुलाखतीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती.

त्या संध्याकाळी बाबा कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या कोऱ्या पाठीवर स्वतःची सही गिरवत बसले. आधी अक्षरं जमत, शेपटी अडखळे. मग शेपटी जमे तर अक्षरं थरथरत. आई येता-जाता बघून म्हणाली, "स्वतःचीच सही गिरवणारा माणूस पहिल्यांदा बघतेय." भाची तेव्हा आठ वर्षांची. ती पलंगाखाली आडवी होऊन वाया गेलेल्या पानांवर त्या शेपट्यांचे साप करत होती, त्यांना डोळे काढत होती. रात्री दहाच्या सुमाराला बाबांना चोवीस वर्षांपूर्वीचे बाबा सापडले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता कुणी बोलू नका, हात विसरेल." एका दमात त्यांनी बँकेच्या अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर आणि आय-२०सोबतच्या हमीपत्रावर तीन सह्या केल्या. तिन्हींवर शेपटी. मग तिन्ही कागद दिव्याखाली एकाला एक लावून बघितले. "जुळतायत," म्हणाले. "आता बघू दे त्यांना."

पैशाचे कागद जुळवता येतात. ज्याची मला खरी धास्ती होती तो प्रश्न कागदावर नव्हताच.

अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं एक कलम आहे. व्हिसाच्या रांगेत उभं राहणाऱ्या कुणालाही ते आपल्या घरच्या पत्त्यासारखं पाठ असतं. त्याचा मतलब असा की, समोर आलेला माणूस तिथं कायमचा राहायलाच निघालाय असं धरून चालायचं; तसं नाही, हे त्यानं पटवून द्यायचं. चोरीच्या आरोपीला निर्दोष धरून सुरुवात करतात, विद्यार्थ्याला मात्र उलटं. मला हे तेव्हा फार लागलं होतं. आता तितकं लागत नाही, पण पटतही नाही.

कारण गंमत बघा. वर्षभर आधी त्याच देशातल्या विद्यापीठाला मी दोन पानी निबंध लिहून कळवलं होतं की मला ज्ञानाच्या सीमा ओलांडायच्या आहेत, माझ्या संशोधनाला मर्यादा नको आहेत, मी कुठवर जाईन ते माझं मलाच ठाऊक नाही. विद्यापीठ खूश. आणि आता खिडकीपाशी जाऊन सांगायचं होतं की माझ्या सीमा मला पक्क्या ठाऊक आहेत, मी बरोबर दोन वर्षांनी मागे फिरेन, माझी आई इथं आहे, माझं सगळं इथंच आहे. एकाच फाईलमध्ये दोन मुली होत्या. एकीला झेपावायचं होतं, दुसरीच्या पायाला दोरी होती, आणि दोघींचा फोटो तोच. एका सल्लागारानं आम्हा दहा-बारा जणांना बसवून 'माझे कुटुंबाशी घट्ट बंध आहेत' हे वाक्य इंग्रजीत घोकून घेतलं होतं. दहा-बारा घट्ट कुटुंबं एका सुरात. आम्ही हसत होतो. घरी येऊन तेच वाक्य आईसमोर म्हणून बघितलं, तर मला पुढचं बोलता येईना.

आणि बावीस वर्षांच्या मुलीला 'परत येणार का' हे विचारायचं तरी कसं? दोन वर्षांनी आपण कोण असू हे त्या वयात कुणाला ठाऊक असतं? पुढे कधीतरी वाचनात आलं की अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांसाठीच्या नियमावलीत याचा विचार केलेला आहे. विद्यार्थी तरुण असतो, नोकरी नसते, मालमत्ता नसते, तेव्हा त्याचा आजचा हेतू बघायचा. उद्या तो बदलू शकतो, एवढ्या कारणानं व्हिसा नाकारायचा नाही, असा त्याचा रोख. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री झोप लागली असती. मला वाटत होतं, मी भविष्याची शपथ घ्यायला निघालेय.

हा प्रश्न सगळीकडे असाच विचारतात असंही नाही. कॅनडाच्या कायद्यात सरळ लिहिलंय की कायमचं राहायची इच्छा असणं एवढ्यावरून तात्पुरता प्रवेश अडत नाही; मुदत संपताना नियमानं जाल एवढं अधिकाऱ्याला पटलं म्हणजे झालं. जर्मनीत पदवी हातात पडली की नोकरी शोधायला १८ महिने मिळू शकतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यानं आपण 'खरोखर तात्पुरते' आलोय हे दाखवावं लागे. २३ मार्च २०२४पासून ती अट जाऊन त्या जागी तुम्ही 'खरे विद्यार्थी' आहात का, हा प्रश्न आला. म्हणजे आदल्या आठवड्यात अर्ज करणाऱ्यानं परतीची शपथ घेतली आणि पुढच्या आठवड्यातल्यानं अभ्यासाची. माणसं तीच, विमानं तीच. अमेरिकेतही पदवीनंतर काही वर्षांनी एच-१बी नावाचा नोकरीचा व्हिसा मिळाला की २१४(बी)चं ते गृहीतक त्याला लागूच होत नाही. १९९०पासून तसं आहे. ज्या माणसाला विद्यार्थी म्हणून 'इथं राहणार नाही' हे पटवून द्यावं लागलं, त्याच माणसाला पुढच्या खिडकीत ते कुणी विचारत नाही.

मी आठ वर्षं राहिले. दोन शिक्षणाची, पुढची नोकरीची. मग परत आले, आणि आले त्याची कारणं खिडकीत सांगितलेल्या कारणांपैकी एकही नव्हती. मी तेव्हा खोटं बोलले का? ह्यावर मी बरेचदा विचार केलाय. ज्या क्षणी बोलले त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरच्या पाठीवर सही गिरवणारे बाबा होते. परत न येण्याचा विचार शिवलासुद्धा नव्हता.

मुलाखतीचं मात्र फारसं सांगण्यासारखं नाही. पहाटेपासून रांग, बोटांचे ठसे, मग आत पुन्हा रांग. माझ्या मांडीवर फाईल, दोन किलोची तरी असेल. प्लास्टिकचे कप्पे, कप्प्यांना रंगीत चिठ्ठ्या. माझ्या पुढच्या मुलीला नकार मिळाला. ती काचेपलीकडे फाईल उंच धरून "एकदा कागद तरी बघा" म्हणत होती, आणि तिच्या हातात एक छापील कागद दिला गेला, ज्यावर तेच कलम होतं. त्यावर अपील नसतं. पुन्हा फी भरायची, पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा उभं राहायचं. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा तिच्या फाईलीलाही रंगीत चिठ्ठ्या होत्या.

मला चार प्रश्न विचारले. कुठलं विद्यापीठ, हाच विषय का, पैसे कोण देणार, वडील काय करतात. शिक्षण झाल्यावर काय, हे विचारलंच नाही. पासपोर्ट ठेवून घेतला, आय-२०वर नजर टाकली, सेव्हिस नावाच्या नोंदणीची पावती बघितली (तेव्हा तिची फी २०० डॉलर होती, आता ३५० आहे), आणि "मंजूर" म्हणाले. घड्याळ बघितलं नव्हतं, पण दोन मिनिटं झाली असतील तर खूप. मी फाईलीचं बटण उघडायला हात नेला होता तो तसाच राहिला.

बाहेर बाबा समोरच्या कट्ट्यावर बसले होते. मी हसत आले म्हणजे झालं, हे त्यांना लांबूनच कळलं. जवळ आल्यावर त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. माझ्या हातातली फाईल स्वतःकडे घेतली, तिचं वजन पेललं आणि विचारलं, "सही बघितली का?"

"हो," मी म्हटलं. "नीट बघितली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्यांनी मान डोलावली. पूर्ण रस्ताभर फाईल त्यांच्याच मांडीवर होती.

तर परवा भाचीचा फॉर्म पूर्ण झाला आणि ताई हमीपत्रावर सही करायला बसली. मधल्या चौदा वर्षांत बाबांची पंचाहत्तरी झाली. ते आरामखुर्चीतून वाकून बघत होते. ताईनं पेन उचललं, तेवढ्यात म्हणाले, "घाईत करू नकोस. बँकेत आहे तश्शीच कर. ते जुळवून बघतात."

"आजोबा, काही बघत नाहीत," भाची मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली. "सगळे सांगतात, फाईल उघडतसुद्धा नाहीत."

"तुझ्या मावशीच्या वेळी बघितली होती. तिन्ही बघितल्या. विचार तिला."

ताईचं पेन कागदावर टेकायचं थांबलं. भाचीनं माझ्याकडे बघितलं. बाबांनीही.

"बघतात गं," मी म्हटलं. "माझ्या वेळी तर शेपटीसकट बघितली."